समुद्राचे हजेरीपत्रक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र विषय कळविला तो समुद्राच्या प्रवाहांचा, आणि त्या प्रवाहांमुळे पाऊसपाण्यात वर्षावर्षाला जो फरक पडतो त्याचा. तेव्हा कामगार चळवळीतल्या माणसाला समुद्रशास्त्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आधी देतो.

आपल्या शहरात हातावर पोट असलेला जो माणूस आहे, त्याचा एक पाय गावाकडच्या शेतात असतो. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी कामाच्या नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्यांची गर्दी वाढते. गर्दी वाढली की रोज उतरतो. म्हणून आमच्या लेखी पावसाचा प्रश्न हा मजुरीचाच प्रश्न आहे. आणि पावसाचा माग काढीत गेले की माणूस समुद्रावर जाऊन पोचतो. आम्ही तसेच पोचलो. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलेलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आणि वाटाघाटी यांच्या मधल्या वेळात. तेव्हा आमच्याकडून गणिताची सूत्रे आपणांस मिळणार नाहीत. पण त्या सूत्रांसाठी ज्यांनी आकडे गोळा केले त्या माणसांविषयी आम्हांला सांगावयाचे आहे.

आरंभ आपल्याच दख्खनपासून करू. १८७६ ते ७८ या काळात या मुलखात जो भीषण दुष्काळ पडला, त्यात सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील मजुरांनी मोठ्या संख्येने ती कामे सोडून दिली. तो संपच होता. आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. आमच्या चळवळीच्या इतिहासात या प्रसंगाला मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही. पण आज तो सांगण्याचे कारण निराळे आहे. त्याच सुमारास चीनच्या उत्तर भागात, ब्राझीलच्या ईशान्येस, आणखी कितीतरी देशांत पाऊस रुसला होता. एकाच वर्षी पृथ्वीच्या इतक्या दूरदूरच्या कोपऱ्यांत दुष्काळ का पडावा, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. आज सांगता येते: १८७७ साली प्रशांत महासागराने कूस बदलली होती.

त्या दुष्काळाच्या धक्क्याने सरकारला पावसाच्या अंदाजाची निकड भासली. १८७५ साली हवामान खाते स्थापन झालेलेच होते. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरच्या बर्फाचा पावसाशी संबंध जोडला आणि १८८६ पासून नियमित अंदाज निघू लागले. परंतु १८९९ साली अंदाज निघाला तो चांगल्या पावसाचा, आणि पडला तो दुष्काळ. नुसत्या बर्फाने काम भागत नाही हे उघड झाले.

पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचा केंब्रिजचा गणिती या खात्याचा प्रमुख झाला. हवामानाचे शिक्षण असे त्याला नव्हते. त्याने सरळ हिशेबाचा मार्ग धरला. जगभरच्या ठाण्यांवरून हवेचा दाब, पाऊस, उष्णता यांचे वर्षानुवर्षांचे आकडे मागवावयाचे आणि कोणाचा कोणाशी मेळ बसतो ते ताडून पाहावयाचे. त्या काळी गणकयंत्रे नव्हती. ही अफाट आकडेमोड हिंदी कारकुनांनी हातांनी केली. ग्रंथांत वॉकरचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. त्या कारकुनांची नावे आपणांस सहसा आढळणार नाहीत. त्या हिशेबातून १९२४ च्या सुमारास एक मोठी गोष्ट हाती लागली. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब चढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि इकडे चढला की तिकडे उतरतो. तराजूची दोन पारडी असावीत तसे हे आहे. वॉकरने त्याला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. त्याचे खाते तेव्हा सिमल्यास होते. १९२८ साली ते पुण्यास आले, आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात.

वॉकरला तराजू दिसला, परंतु तो हलवितो कोण, हे कळले नाही. कारण आकडे होते ते हवेचे. समुद्राचे आकडे त्याच्यापाशी जवळजवळ नव्हतेच. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आता दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर जाऊ. तेथील समुद्र विषुववृत्ताजवळ असूनही थंड आहे, कारण खोल तळचे गार पाणी तेथे वर येते. त्या पाण्याबरोबर खत वर येते, खतावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर अँचोवेटा नावाची लहान मासळी पोसते, आणि त्या मासळीवर पक्षी व माणसे जगतात. उत्तर पेरूतील पैता बंदरच्या कोळ्यांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. नाताळच्या सुमारास किनाऱ्याने उत्तरेकडून गरम पाण्याचा एक प्रवाह येतो. ख्रिस्तजन्माच्या वेळी येतो म्हणून त्यांनी त्याला एल निनो, म्हणजे बाळ, बाळ येशू, असे नाव दिले होते. कामिलो कारिल्यो या नाविक अधिकाऱ्याने १८९२ साली लिमाच्या भूगोल मंडळापुढे हे नाव मांडले. आज जगभरचे शास्त्रज्ञ जो शब्द वापरतात, तो कोळ्यांच्या तोंडचा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

काही वर्षी हा पाहुणा परत जातच नाही. पाणी महिनोन्‌महिने गरम राहते आणि मासळी नाहीशी होते. १९७० साली पेरूने सव्वा कोटी टनांच्या आसपास अँचोवेटा पकडली होती. १९७२ चा एल निनो आला आणि १९७३ साली ती वीस लाख टनांच्या आतबाहेर आली. बेसुमार मासेमारीने समुद्र आधीच उपसला होता; त्यात ही आपत्ती. हजारो लोकांची रोजी बुडाली.

आणि त्याच १९७२ साली आपल्याकडे काय घडले? साऱ्या देशाचा पाऊस सरासरीच्या ७६ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रातील तो दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी भोगला. खडी फोडणे, नालाबांध, सुकडी, अमेरिकेहून आलेला मिलो, हे शब्द त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होते. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पेरूचा कोळी आणि मराठवाड्याचा शेतमजूर एकाच वेळी एकाच कारणाने उपाशी होता, आणि दोघांनाही एकमेकांचे नावगाव ठाऊक नव्हते.

या दोहोंतील दुवा जोडण्याचे काम याकोब ब्यर्कनेस या नॉर्वेजियन वंशाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत केले. १९६९ साली त्याने दाखविले की, पेरूचे गरम पाणी आणि वॉकरचा तराजू या दोन निराळ्या गोष्टी नाहीतच. विषुववृत्तावर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते वरचे गरम पाणी ढकलीत इंडोनेशियाच्या बाजूस नेतात. तेथे हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. पूर्वेचे पाणी थंड आणि पश्चिमेचे गरम, म्हणून वारे वाहतात. आणि वारे वाहतात म्हणूनच हा फरक टिकतो. वारे ढिले पडले की गरम पाणी पूर्वेकडे पसरते, आणि फरक कमी झाला म्हणून वारे आणखी ढिले पडतात. पावसाचे ठाणे महासागराच्या मध्याकडे सरकते. मग आपल्याकडे हवा वर चढण्याऐवजी खाली बसू पाहते, आणि मोसमी पावसाचा जोर ओसरतो.

परंतु पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे येते कसे, हे अजून कोणी दाखविलेले नव्हते. पेरूच्या किनाऱ्यावरचा स्थानिक वारा मंदावतो, म्हणून तळचे थंड पाणी वर येणे थांबते, अशी तोवरची समजूत होती. ती खोडून काढली क्लाउस विर्टकी याने. आजच्या व्याख्यानाचा नायक कोण, असे विचाराल तर त्याचेच नाव आम्ही सांगू.

विर्टकीचा जन्म १९२५ साली सायलेशियात, आजच्या पोलंडमध्ये झाला. १९५० साली त्याने जर्मनीत कील येथे डॉक्टरेट मिळविली, आणि १९५४ साली तो थेट इंडोनेशियात जाकार्ता येथे कामावर रुजू झाला. नवे स्वतंत्र झालेले राष्ट्र, साधने तुटपुंजी. पण जहाजांच्या जुन्या नोंदी होत्या. खलाशी दररोज हिशेब मांडतो की, अमुक दिशेने अमुक वेगाने चाललो तर आपण अमुक ठिकाणी असावयास हवे. मग सूर्य किंवा तारे पाहून तो खरे ठिकाण काढतो. या दोहोंत जे अंतर पडते ते प्रवाहाने केलेले. असे हजारो लॉगबुकांतील हजारो फरक एकत्र केले म्हणजे समुद्राचे प्रवाह कागदावर उमटतात. विर्टकीने त्या विखुरलेल्या नोंदींतून आग्नेय आशियाच्या समुद्राचा ग्रंथ १९६१ साली सिद्ध केला. पुढे ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया असे करीत तो १९६४ साली हवाई बेटांच्या विद्यापीठात आला आणि तेथेच राहिला. २०१३ साली तो वारला.

त्याने एल निनोचे कोडे सोडविले ते कोणत्या उपकरणाने? भरती-ओहोटी मोजण्याच्या साध्या यंत्राने. बंदरात काम केलेल्यांना ते ठाऊक असेल. धक्क्याला एक उभी नळी असते, तिला तळाशी बारीक भोक. भोक बारीक असल्याने लाटांची धुसफूस आत येत नाही. पाणी सावकाश चढते-उतरते. आत एक तरंगता डबा, त्याला तार, तारेला लेखणी, आणि घड्याळाच्या चक्रावर फिरणारा कागद. घड्याळाला किल्ली देणे, कागद बदलणे, वेळ टिपून ठेवणे, हे एका माणसाचे काम. बंदरखात्याला ते हवे असते, कारण जहाज धक्क्याला कधी लावावे हे भरतीवर ठरते. विर्टकीने म्हटले, या नोंदींतून रोजची भरती-ओहोटी हिशेबाने वजा करा. महिन्याची सरासरी काढा. जे उरेल ते समुद्राची स्वतःची पातळी सांगेल. ती पातळी चढली याचा अर्थ तेथे गरम पाण्याचा साठा वाढला. १९७० नंतरच्या दशकात त्याने प्रशांत महासागरातील नाउरू, तारावा, ख्रिसमस अशा चिमुकल्या बेटांवर अशी यंत्रे बसवून घेतली, आणि तेथील स्थानिक माणसांनी ती सांभाळली.

या आणि जुन्या बंदरांच्या नोंदी ताडून १९७५ साली त्याने आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. एल निनोच्या वर्षी पेरूच्या किनाऱ्यावरचा वारा मंदावत नाही, हे त्याने आकड्यांनिशी दाखविले. खरे कारण हजारो मैल दूर, महासागराच्या मध्यावर असते. एल निनोच्या आधीची दोनएक वर्षे तेथील व्यापारी वारे नेहमीपेक्षा जोरात वाहतात. ते गरम पाणी पश्चिमेकडे रेटीत राहतात. एरवीही इंडोनेशियाकडची समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेकडच्या पातळीहून सुमारे हातभर उंच असते. अशा वर्षांत हा उतार आणखी वाढतो. मग वारा ढिला पडतो. अडवून धरलेले पाणी मोकळे होते आणि एका प्रचंड लाटेच्या रूपाने विषुववृत्तावरून पूर्वेकडे निघते. ही लाट वरून दिसत नाही. वरच्या गरम आणि खालच्या थंड पाण्याच्या सीमेवरून, पोटातल्या पोटात ती चालते. दोनतीन महिन्यांत ती दक्षिण अमेरिका गाठते. तेथे गरम पाण्याचा थर जाड होतो, थंड पाणी खोल दबले जाते, आणि पेरूच्या कोळ्याचे जाळे रिकामे येते.

या सिद्धान्ताचे महत्त्व आपण ध्यानात घ्यावे. आपत्ती पेरूला दिसते त्याच्या कितीतरी आधी तिची तयारी पश्चिमेकडे चाललेली असते. म्हणजे ती आधी ओळखता येण्याजोगी आहे. बांधामागे पाणी साठत आहे हे ज्याला दिसते, तो बांधाखालच्या वस्तीला सावध करू शकतो. विर्टकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ साठी असा अंदाज करूनही पाहिला. जहाज पाहणीला गेले; गरम पाणी आले, पण ते दुर्बळ ठरले आणि लवकरच ओसरले. शास्त्र अजून कच्चे होते.

ते किती कच्चे होते हे १९८२ साली कळले. त्या वर्षी शतकातील अत्यंत प्रबळ एल निनोंपैकी एक उभा राहिला, आणि तो भर रंगात येईपर्यंत बहुतेकांनी त्याला ओळखलेच नाही. मेक्सिकोतील एल चिचोन हा ज्वालामुखी त्या वसंतात फुटला होता. त्याच्या धुरळ्याने उपग्रहांची नजर अंधुक झाली आणि पाण्याचे तापमान आहे त्याहून कमी दिसू लागले. महासागरातून जाणाऱ्या जहाजांनी गरम पाण्याचे आकडे कळविले होते. परंतु हे आकडे नेहमीच्या सरासरीपासून फार दूर आहेत, म्हणून ते चुकीचे असावेत, असे ठरवून कचेरीतील गणकयंत्राने ते बाजूला टाकले; त्याला तशीच शिकवण दिलेली होती.

बंधूंनो, आम्ही पंचवीस-तीस वर्षे कामगारांत काढली आहेत. यंत्रावरचा माणूस सांगतो की काहीतरी बिघडले आहे, आणि वरची कचेरी सांगते की कागदावर तसे दिसत नाही. हा प्रकार आम्हांला नवा नाही. खलाशाने खरे सांगितले होते. हिशेबाने ते खोटे ठरविले. त्या वर्षी पेरू आणि इक्वेडोरमध्ये महापूर आले, इंडोनेशियात रान पेटले, ऑस्ट्रेलिया होरपळला, आणि आपला मोसमी पाऊसही तुटीचा गेला. जग जागे झाले ते वरातीमागून घोडे यावे तसे.

परंतु या धक्क्यातून चांगले निष्पन्न झाले. १९८५ ते १९९४ या दहा वर्षांत अनेक राष्ट्रांनी मिळून प्रशांत महासागराच्या विषुववृत्तावर सुमारे ७० बोये नांगरले. प्रत्येक बोया वारा मोजतो, आणि त्याखाली लोंबणाऱ्या तारेवरची उपकरणे पाचशे मीटर खोलीपर्यंतचे तापमान उपग्रहामार्फत रोजच्या रोज कळवितात. १९९७ चा महाप्रबळ एल निनो आला तेव्हा तो पोटातल्या लाटेसह दिसला. २००० च्या सुमारास आर्गो नावाचे तरंगते मापक सोडण्यास आरंभ झाला. ते दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोल बुडी मारून वर येतात. आज असे चार हजारांच्या आसपास मापक सर्व महासागरांत फिरत आहेत.

आता येथे आमचा मुद्दा येतो. बोया एकदा नांगरला की काम संपले, असे नाही. खारे पाणी लोखंड खाते, शिंपले चिकटतात, बॅटरी संपते. वर्षातून निदान एकदा जहाज घेऊन जावे लागते, आणि खलाशांनी व तंत्रज्ञांनी हलत्या डेकवर उभे राहून बोया उचलावा, दुरुस्त करावा, पुन्हा सोडावा लागतो. हे काम करणारे अमेरिकेचे जहाज २०१२ साली काटकसरीपायी सेवेतून काढले गेले. परिणाम काय झाला? बोये एकामागून एक गप्प झाले, आणि २०१४ च्या आरंभी त्यांच्याकडून येणारी माहिती ४० टक्क्यांच्या आसपास आली. ओरड झाल्यावर जहाजांची सोय झाली आणि बोये पुन्हा बोलू लागले. परंतु मधल्या काळात समुद्रात जे घडून गेले, त्याची नोंद आता कोणत्याही पैशाने विकत मिळणार नाही. हजेरीपत्रकाचे फाटलेले पान मागाहून लिहिता येत नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि ती आमच्याच वर्गातली असल्याने स्पष्ट बोलतो. बोयाच्या सावलीला मासळी जमते. म्हणून मासेमारी बोटी त्याला दोर बांधतात, जाळी लावतात, कधी उपकरणेच काढून नेतात. आपल्या अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरातही हे घडते. पण नुसते 'कोळी अडाणी' म्हणून भागणार नाही. बोया कशासाठी आहे, वादळाचा इशारा आणि मासळी कोठे मिळेल याची माहिती देण्यात त्याचा हात कसा आहे, हे कोळीवाड्यात जाऊन मराठीत कोणी सांगितले आहे काय? जी वस्तू आपली वाटते ती माणूस सांभाळतो.

आपल्या हिंदी महासागराकडे आता वळू, कारण नुसता एल निनो पाहून आपला पाऊस कळत नाही. १९९७ सारखा बलाढ्य एल निनो असूनही त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. उलट २००२ साली एल निनो बेताचाच होता, अंदाज सामान्य पावसाचा होता, आणि जुलै महिना जवळजवळ अर्धा कोरडा गेला. असे का व्हावे? याचे एक उत्तर आपल्याच समुद्रात आहे, आणि त्याची वाट पुन्हा विर्टकीपाशी जाते.

१९६० च्या आगेमागे हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी झाली. चाळिसांहून अधिक जहाजे तीत होती. आपल्या नौदलाचे 'किस्तना' हेही होते. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्यात दोनापावला येथे तिचे ठाणे आहे. मोहिमेत गोळा झालेल्या आकड्यांचा नकाशासंग्रह विर्टकीने १९७१ साली तयार केला. १९७३ साली त्याने जहाजांच्या नोंदींतून आणखी एक शोध लावला. दोन मोसमी वाऱ्यांच्या सांध्यावर, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत, आफ्रिकेकडून सुमात्राकडे विषुववृत्तावरून पाण्याचा एक अरुंद पण वेगवान झोत वाहतो. तो गरम पाणी सुमात्राकडे नेऊन साठवितो. आज त्याला विर्टकीचेच नाव आहे.

काही वर्षी हा शरदातला झोत मंदावतो. मग सुमात्राकडचे पाणी थंड पडते आणि आफ्रिकेकडचे तापते. एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि जपानचे तोशियो यामागाता यांनी १९९९ साली हे सविस्तर मांडले. हिंदी महासागराची ही दोन टोके म्हणजे आपल्या दारातला लहान तराजू म्हणा. पश्चिमेचे पारडे तापले की आपल्या पावसाला बहुधा हातभार लागतो. १९९७ साली तसेच होते; एल निनोने काढून घेतले ते या तराजूने बऱ्याच अंशी परत दिले, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. २०१९ साली हे पारडे फारच तापले. आपला पाऊस ११० टक्के झाला, पूर्व आफ्रिकेत पूर आले, आणि ऑस्ट्रेलियात अरण्ये जळाली. म्हणजे एकाचे सुख ते दुसऱ्याचे दुःख, हेही विसरून चालणार नाही.

तरीही शास्त्राकडून ज्योतिषाची अपेक्षा करू नये. एल निनो म्हणजे दुष्काळच, असे नाही. परंतु दुष्काळाचा संभव वाढतो हे निश्चित. २००९ साली पाऊस ७८ टक्के, २०१५ साली ८६ टक्के. दोन्ही एल निनोची वर्षे. २०२३ सालीही एल निनो होता. एकंदर पाऊस ९४ टक्के म्हणून कागदावर फारसे वाईट दिसले नाही, पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला, आणि महाराष्ट्र सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. शिवाय माणसाने धुराने वाढविलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र गिळीत आहे. तराजू तोच, पण त्याखालची जमीनच सरकत आहे. अशा वेळी जुन्या अखंड नोंदींचे मोल दसपट होते. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जात आली आहे. हिंदी महासागराच्या काठावर इतकी जुनी नोंद फार थोड्या ठिकाणी आहे. ती कोणी ठेवली? पिढ्यान्‌पिढ्या किल्ली देणाऱ्या आणि कागद बदलणाऱ्या नोकरांनी.

शेवटचा मुद्दा सांगून संपवितो. हे ज्ञान मिळाले. ते कोणाच्या हाती पडते? १९९९ साली तीन अभ्यासकांनी 'नेचर' या नियतकालिकात हाच प्रश्न पेरूच्या मासेमारी धंद्यापुरता विचारला होता. १९९७ चा अंदाज आधी निघाला हे खरे; पण मोठी कंपनी, बँक आणि बोटीवरचा मजूर या सर्वांना त्याचा लाभ सारखा झाला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ आहे. ज्याच्यापाशी पैसा आणि वाव आहे, तो इशारा मिळताच आपले घर सावरतो. ज्याच्यापाशी फक्त दोन हात आहेत, त्याला दुष्काळाची बातमी काम बंद झाल्यावर कळते.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली अशी की, समुद्राची नोंद ही रस्त्यासारखी, धरणासारखी सार्वजनिक मालमत्ता मानली जावी. सरकार बदलो, साहेब बदलो, ती तुटता कामा नये. आणि ती ठेवणाऱ्या माणसाचे काम कायमचे आणि मानाचे असावे. दुसरी अशी की, मे महिन्यात जर तुटीच्या पावसाचा संभव कळला, तर त्याच महिन्यात तालुक्यातालुक्यांत रोजगाराच्या कामांची यादी, चाऱ्याची आणि पाण्याची तजवीज तयार असावी. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला, आणि २००५ साली देशानेही त्याच वाटेने कायदा केला. उपासमारीनंतर काम देण्याची बुद्धी आपणांस तेव्हा झाली. उपासमारीच्या आधी काम देण्याचे साधन आता समुद्राने आपल्या हाती दिले आहे. ते वापरण्याची बुद्धी सरकारला व्हावी, एवढ्यावर विसंबून राहू नये. ग्रामसभेत आणि युनियनच्या सभेत ही मागणी पुढे आली पाहिजे.

व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि याच दिवसांत हवामान खात्याचा पावसाचा पहिला अंदाज निघतो. तो वर्तमानपत्रात वाचताना टक्केवारीच्या आकड्यावर थांबू नका. प्रशांत महासागराविषयी काय म्हटले आहे, हिंदी महासागराविषयी काय म्हटले आहे, तेही वाचा. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याला सांगा. समुद्राच्या नोंदी ज्यांनी ठेवल्या, त्यांचे श्रम तेवढ्याने सार्थकी लागतील.